बुलेटचा हरवलेला दम: फिल्टर, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः २००९ ते २०२० या काळातल्या, कार्ब्युरेटरवाल्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० साठी आहे. इंजेक्शनवाल्या गाड्या आणि यामाहाची जुनी आरएक्स १०० यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय. माझी गाडी कोल्हापुरात असते. रविवारी तिच्या शेजारी कुणीतरी उकिडवं बसलेलं असतं, बहुतेक वेळा मीच.

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. सायलेन्सर बदलला की पॉवर परत येईल का?

आवाज येईल. पॉवरचं नंतर बघू.

गेलेली पॉवर परत आणणं आणि नसलेली पॉवर वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लोक पहिल्या कामासाठी येतात आणि दुसऱ्या कामाचे पैसे देऊन जातात. या इंजिनाचे कागदावरचे आकडे असे: ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, कॉम्प्रेशन ८.५ ला १, ताकद ५२५० आरपीएमला १९.८ हॉर्सपॉवर, टॉर्क ४००० आरपीएमला २८ न्यूटन मीटर. मुळात घोडे वीससुद्धा नाहीत. त्यातले तीन-चार कुठेतरी बसून राहिले की गाडी म्हातारी झाल्यासारखी वाटते. त्यांना उठवायला बहुधा नवा सायलेन्सर लागत नाही, पाना आणि फडकं लागतं.

पॉवर खरंच कमी झालीय की नुसतं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

एक ठरलेला चढ धरा. आमच्याकडे जोतिबाचा डोंगर आहे, तुमच्याकडे काहीतरी असेलच. पहाटे, रस्ता रिकामा असताना, एकाच गिअरमध्ये, ठरलेल्या झाडापासून ठरलेल्या दगडापर्यंत गाडी किती वेगाने पोचते ते लिहून ठेवा. स्वार तोच, टाकी तेवढीच भरलेली. कुठलाही बदल केला की पुन्हा तोच चढ. रविवारी आणि चैत्र यात्रेच्या आसपास हा प्रयोग करू नका, देव आणि भाविक दोघांचीही गैरसोय होते.

मोबाइलवरच्या वेग मोजणाऱ्या ॲपनेही चालेल, पण आकडे वहीत हवेत. सायलेन्सर मोठा वाजला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. कानाला खरं-खोटं कळत नाही.

डायनोवर गाडी १६ हॉर्सपॉवर दाखवते. चार घोडे गेले?

नाही. कंपनीचा १९.८ हा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा. डायनो, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणारं यंत्र, मोजतो मागच्या चाकावर. मधे प्रायमरी चेन, क्लच, गिअरबॉक्स, मागची चेन आणि टायर आपापला वाटा घेतात, साधारण १५ ते २० टक्के. चाकावर १६-१७ आले तर गाडी ठणठणीत आहे. तेरा आले तर पुढे वाचा.

मग तपासायला सुरुवात कुठून करायची?

इंजिनाच्या बाहेरून. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेऱ्यांतच थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन नको तितकी ताणलीय. टायरमधली हवा बघा. मग वरच्या गिअरमध्ये चढावर एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तिथल्या तिथेच राहिली तर क्लच प्लेटा घसरतायत. अशा गाडीवर महागडा फिल्टर आणि सायलेन्सर बसवलेले मी पाहिलेत. प्लेटा बदलल्यावर मालकाला वाटलं सायलेन्सर आता 'सेट' झाला.

एवढं झालं की प्लग, मग हवेचा रस्ता, मग पेट्रोल, मग धुराचा रस्ता. पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हवर सगळ्यात शेवटी या. या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, म्हणजे तेलाच्या दाबाने आपले आपण जुळणारे, त्यामुळे 'टॅपेट सेट करून देतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीला कुठले टॅपेट, ते नम्रपणे विचारा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ते काम असतं, इथे नाही.

आणि कॉम्प्रेशन गेज लावून घाबरू नका. यात ऑटो डीकॉम्प्रेसर असतो, स्टार्टर मारताना तो थोडं कॉम्प्रेशन सोडून देतो, म्हणून गेज कमीच दाखवतो. खरी स्थिती लीक-डाउन टेस्टमध्ये कळते: सिलेंडरमध्ये दाबाने हवा भरायची आणि ती कुठून सुटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरकडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा.

प्लग ठीक आहे, गाडी चालू होते. तरी तो बदलायचा?

कुठला प्लग? या इंजिनाला दोन आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, कारण एक मेला तरी गाडी दुसऱ्यावर चालत राहते. चालू होते, गावात फिरते, फक्त चढावर दम लागतो आणि पेट्रोल जास्त पिते. दोन्ही बाजूंच्या कॅप, वायरी आणि प्लग वेगवेगळे तपासा. या पानावरचा सगळ्यात स्वस्त उपाय हाच. एका प्लगवर वर्षभर चालवलेल्या गाडीच्या सायलेन्सरचं काय होतं, ते खाली कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) प्रश्नात येईल.

एअर फिल्टरने असा किती फरक पडतो?

हिशेब करू. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. ५२५० आरपीएमला, सिलेंडर पूर्ण भरतो असं धरलं, तर मिनिटाला ३४६ सीसी गुणिले २६२५, म्हणजे सुमारे ९०० लिटर. सेकंदाला पंधरा लिटर. अंघोळीची बादली भरून हवा, दर सेकंदाला, त्या कागदी घड्यांमधून. आता तो कागद ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे चार महिने फिरलेला आहे अशी कल्पना करा.

कागदी फिल्टर धुऊ नका. पेट्रोलने, साबणाने, कशानेच नाही. हलकेच झटका, आतून बाहेर मंद दाबाने हवा मारा, आणि काळा पडला असेल तर नवा घाला. फोमचा असेल तर धुवायचा, वाळवायचा आणि फिल्टरचं तेल लावून पिळून बसवायचा. तेलाविना फोम म्हणजे नुसता स्पंज, धूळ सरळ आत.

फिल्टर काढला की एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टरच्या डब्याच्या, तोंडात बॅटरी मारून बघा. माझी गाडी एका पावसाळ्यात गावी, मळ्यातल्या शेडमध्ये उभी होती. परत आणली तर साठच्या पुढे जाईना. मी कार्ब्युरेटर दोनदा उघडला, जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या) फुंकले, मिस्त्रीला नावं ठेवली. शेवटी एअरबॉक्समधून निघालं ते उंदराचं बिऱ्हाड: चिंध्या, पाचट आणि माझ्याच सीटखालच्या फोमचे तुकडे. सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घरटं बांधलेलंही पाहिलंय. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची दोन्ही टोकं आधी बघा.

एअरबॉक्स काढून टाकून नुसता कोन (शंकूच्या आकाराचा, उघडा) फिल्टर लावला तर?

या गाडीवर नको, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण कार्ब्युरेटरच्या जातीत आहे. हा २९ मिमीचा सीव्ही कार्ब्युरेटर. तुम्ही एक्सलेटर पिळता तेव्हा फक्त इंजिनाकडची पाकळी उघडते. पेट्रोलची सुई कार्ब्युरेटरमधल्या ज्या पिस्टनला लटकलेली असते तो वर उचलला जातो हवेच्या दाबातल्या फरकाने, एका रबरी पडद्याच्या मदतीने. त्यासाठी मागून येणारी हवा शांत लागते. एअरबॉक्स हे त्या हवेचं साठवण टाकं आहे. ते काढलं की वारा, भोवरे, शेजारून गेलेली एसटी, सगळ्याचा धक्का थेट कार्ब्युरेटरला. मग गाडी मधेच अडखळते आणि मालक जेट बदलत बसतो. शिवाय आपल्याकडचा जून-जुलै. गगनबावड्याच्या पावसात उघडा कोन फिल्टर पाणी पितो, आणि मग घाटात गाडी ढकलताना एअरबॉक्सची आठवण होते.

मूळ डब्यात बसणारा, धुता येणारा कापडी फिल्टर घालायचा असेल तर घाला. मात्र त्याला तेल जास्त झालं तर उलटा परिणाम होतो.

तो रबरी पडदाही एकदा काढून उजेडासमोर धरा. सुईएवढं छिद्र असलं तरी पिस्टन पूर्ण उचलला जात नाही. अर्ध्या रेसपर्यंत गाडी चांगली आणि पुढे नुसता आवाज, अशी तक्रार असेल तर मी आधी याच्यावरच संशय घेतो. कार्ब्युरेटर आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग) यांच्यामधला रबरी बूटही दाबून, वाकवून बघा. भेग असेल तर तिथून फुकटची हवा शिरते.

नवीन पेट्रोलमुळे पॉवर कमी झाली असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं, पण लोक सांगतात त्या कारणाने नाही.

२०२५ पर्यंत पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. आम्हा उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना तर आपल्याच कारखान्याचा माल आपल्याच टाकीत, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जास्त पेट्रोल सोडायला हवं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून ओळखून ते बऱ्याच अंशी जुळवून घेते. कार्ब्युरेटरला कसलं कळतंय! जेटचं भोक तेवढंच, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. थंड इंजिन उचल खात नाही, अर्ध्या रेसला उड्या मारते, जास्त तापते. यात पॉवर जाते ती लीन मिश्रणामुळे, आणि ती जेट-सुईच्या कामाने बऱ्यापैकी परत येते. मायलेज मात्र परत येत नाही, कारण लिटरभर इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते.

दुसरी गोष्ट, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी असेल तर फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सोडून एका काचेच्या ग्लासात पेट्रोल काढा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीसुद्धा रिकामी करायला लागेल. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगलेत का तेही याच वेळी बघा.

जेट किती नंबरचा घालायचा?

नंबर सांगत नाही, कारण तुमच्या गाडीवर कुठला फिल्टर आणि कुठला सायलेन्सर आहे ते मला दिसत नाही. पद्धत सांगतो.

एक्सलेटरच्या पहिल्या पाव भागावर पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूची सत्ता. पाव ते पाऊण सुई. त्यापुढे मेन जेट. तक्रार ज्या भागात आहे त्याच भागाला हात लावा. गावातल्या चालीत गाडी अडखळते म्हणून मेन जेट मोठा करणं म्हणजे पाय मुरगळल्यावर डोक्याला बाम लावणं.

मेन जेट एकेक पायरीनेच वाढवायचा. पूर्ण रेसवर चढ चढायचा, तिथेच किल्ली बंद करून क्लच दाबायचा, गाडी बाजूला घेऊन प्लग काढायचा. पांढरा-राखाडी असेल तर लीन. काजळीसारखा असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मारी बिस्किटाच्या रंगाच्या आसपास असेल तर बरोबर. पूर्ण रेसवर जास्तीत जास्त ताकद मिळते ती साध्या पेट्रोलच्या हिशेबात साडेबारा ते तेरा पट हवेला, म्हणजे थोडं रिचकडे झुकलेल्या मिश्रणात. हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिकट दिसतो, त्यामुळे शंका असेल तर धुरावरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर असलेल्या डायनोवर एकदा पैसे खर्च करा.

इंजिनाला बॅक प्रेशर लागतं म्हणतात. मग मोकळा सायलेन्सर वाईट का?

बॅक प्रेशर कुठल्याच चार स्ट्रोक इंजिनाला 'लागत' नाही. लागतो तो बरोबर वेळेला परत येणारा धक्का.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट बेंड पाइपमधून (हेडपासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीतून) मागे पळते. पाइप जिथे रुंदावतो किंवा संपतो तिथून ती उलटी होऊन, कमी दाबाची लाट बनून, परत हेडकडे येते. त्या क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतील तर ती उरलेला धूर ओढून काढते आणि मागोमाग ताजी हवा आत खेचते. फुकटातला पंप. पण लाटेला जायला-यायला लागणारा वेळ पाइपच्या लांबीवर ठरतो, म्हणून हा पंप ठरावीक आरपीएमच्या आसपासच चालतो. या गाडीचा टॉर्क ४००० ला सगळ्यात जास्त आहे तो उगाच नाही. पाइप आखूड केला की फायदा वरच्या आरपीएमकडे सरकतो. ९० मिमी स्ट्रोकचं हे इंजिन तिथे जातच नाही. म्हणजे जिथे गाडी रोज चालते तिथला टॉर्क घालवला आणि मिळाला तो अशा ठिकाणी, जिथे आपण कधी पोचणार नाही.

लोक 'बॅक प्रेशर गेलं' म्हणतात ते हेच. निदान चुकीचं, दुखणं खरं.

पुंगळी (सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी) काढली किंवा मोठ्याने वाजणारा इंदोरी सायलेन्सर लावला तर?

शेजारपाजार जागा होतो. मिश्रण लीन होतं, खालचा टॉर्क जातो, आणि चौकात पोलीस थांबवतात. पुढचा प्रश्न.

सायलेन्सरमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलं तर पॉवर वाढेल?

चांगल्या स्थितीतलं कॅट एवढ्याशा इंजिनाला फारसं अडवत नाही. ते म्हणजे प्लॅटिनम गटातल्या धातूंचा लेप दिलेली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. पॉवर खातं ते चोंदलेलं किंवा वितळलेलं कॅट. आणि ते आपोआप वितळत नाही. इथे तो मेलेला प्लग आठवा: नीट न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जाळीवर पेटतं, जाळी लाल होते, ढासळते, तुकडे वाट अडवतात. रिंगा गेलेल्या असतील तर तेलाची राख तिच्यावर बसते.

ओळखायचं कसं? थंड सायलेन्सरवर रबरी हातोडीने टकटक करा, आत खुळखुळलं तर जाळी सुटली. गाडी वेग धरते आणि मग जणू कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते, हे दुसरं लक्षण. उपाय कंपनीचा नवा सायलेन्सर, आणि त्याआधी प्लग किंवा रिंगांचं मूळ दुखणं. नाहीतर नवाही तसाच जाईल.

रेस सोडली की फटाके वाजतात. हे चांगलं की वाईट?

मित्रांना आवडतं, इंजिनाला नाही. बहुतेक वेळा हेड आणि बेंड पाइपमधलं गॅस्केट गळतं किंवा पायलट जेटचं मिश्रण लीन असतं. बाहेरची हवा आत शिरते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. साबणाचं पाणी जोडावर लावून थंड गाडी सुरू करा, बुडबुडे दिसतील. गॅस्केट स्वस्त आहे, नटबोल्ट गंजलेले असतील तर घाई करू नका. हेडमधला स्टड तुटला की स्वस्ताईचा विषय संपतो.

सगळं नीट करून, शिवाय चांगला फिल्टर, जुळणारा सायलेन्सर आणि जेट, किती वाढेल?

माझ्या अनुभवात एखादा हॉर्सपॉवर, फार तर दीड. त्यापेक्षा जास्त फरक कुणी जाणवून दिला असेल तर त्याने गुपचूप पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केलाय का बघा. त्याने पिकअप चांगला वाटतो, पॉवर तेवढीच राहते आणि हायवेला इंजिन जास्त किंचाळतं.

माझी गाडी २०२१ नंतरची, इंजेक्शनवाली आहे.

हे इंजिनच वेगळं: ३४९ सीसी, ६१०० आरपीएमला २०.२ हॉर्सपॉवर. इथे जेट नाहीत, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आहे. हळू चालीत तो धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या ओटू सेन्सरवरून पेट्रोल जुळवतो, पूर्ण रेसवर मात्र आत लिहून ठेवलेल्या तक्त्यावर चालतो. म्हणून सायलेन्सर बदलून 'ईसीयू शिकून घेईल' हे अर्धसत्य. जोडावर गळती असेल तर सेन्सरला बाहेरची हवा दिसते, ईसीयूला वाटतं मिश्रण लीन, तो पेट्रोल वाढवतो, आणि गाडी पिऊन सुस्त होते. थ्रॉटल बॉडी साफ करणं, फिल्टर आणि गॅस्केट, एवढ्यावर या गाड्यांचं बहुतेक भागतं.

आरएक्स १०० ला पण हेच नियम?

नाही, तिची गोष्टच निराळी. टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो, त्याच्या पोटाचा आकार पॉवर ठरवतो. आणि तिथे पॉवर जाते कार्बनमुळे. तेल जळून एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीत काळी पपडी साचते. पिस्टन खाली आणून पोर्ट लाकडी पट्टीने खरवडा, लोखंडी पान्याने नको. नळी बाहेर काढून साफ करा. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर देणारी गाडी होती ती, नुसत्या साफसफाईनेही चाळीतली पोरं पुन्हा वळून बघतात.

घाटावर दम कमी आणि गोव्यात गाडी पळते, असं का?

हवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे हवा सुमारे ५ टक्के विरळ. महाबळेश्वरला साधारण १२ टक्के. पॉवर जवळपास त्याच प्रमाणात उतरते. याला कुठलाही सायलेन्सर उपाय नाही, त्यामुळे पणजीचे आकडे वहीत लिहून घरी येऊन दुःखी होऊ नका.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० वेगळं आहे, तिथे दंड १० हजारांपर्यंत जातो. १७५ सीसीवरच्या दुचाकीची मान्यता चाचणीतली आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. पुण्या-मुंबईत जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला तुम्ही बातम्यांत पाहिला असेल.

म्हणून वर दुरुस्तीवर इतकं लिहिलं. ती सगळी कायदेशीर आहे. बाजारातला सायलेन्सर लावायचाच असेल तर गाडी ट्रॅकवर न्या.

दुसरा सायलेन्सर लावला तर मूळचा भंगारात देऊ का?

अजिबात नाही. आतलं पाणी निथळू द्या, बाहेरून तेलाचा हात फिरवा, दोन्ही तोंडांना चिंध्या कोंबा आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पंधरा वर्षांनी पासिंगला तोच लागतो. आणि चिंध्या आठवणीने काढा. एकाने काढल्या नव्हत्या, आणि सुरू का होत नाही म्हणून प्लग दोन्ही बदलले.